पौषातली सुपारी

ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाच्या वरच्या ओठावर एक वळ असतो. माउथपीसची कड जिथं टेकते तिथं तो उमटतो. चतकोर बांगडीसारखा, रंगाने ओठापेक्षा किंचित गडद. रोज वाजवणाऱ्याचा वळ झोपेत जात नाही, आजारपणात जात नाही. आठ-दहा दिवस वाजवलं नाही तर त्याची कड पुसट होते. मग मधला भाग फिका पडतो, आणि काही महिन्यांनी तो ओठ इतर कुणाच्याही ओठासारखा दिसायला लागतो.

कृपादान मास्तरांच्या ओठावर हा वळ लग्नाच्या आधीपासून होता. त्याच्याशिवाय एस्तेरने नवऱ्याला कधी पाहिलंच नव्हतं. दोन हजार वीसच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी तो पूर्ण गेलेला तिला दिसला, तेव्हा क्षणभर आपल्या ओट्याजवळ कुणीतरी परका माणूस चहा पितोय असं तिला वाटलं.

मास्तरांचा बँड श्रीरामपुरातला, नाव न्यू जेरीको ब्रास बँड. मूळचा जेरीको वडिलांचा. वाटणीत तो धाकट्या भावाकडे, स्टीफनकडे गेला आणि थोरल्याने पुढे ‘न्यू’ लावून दुसरा काढला. पवित्र शास्त्रात जेरीको शहराच्या भिंती कर्ण्यांच्या आवाजाने कोसळतात. त्यामुळे चर्चचे पाळकसाहेब वर्षातून एकदा तरी विचारायचे, “लग्नघरी जायचं आणि नाव भिंती पाडणारं. असं कशाला, मास्तर?”

“साहेब, आम्ही बाहेरच वाजवतो,” मास्तर म्हणायचे.

बँडचा धंदा उचलीवर चालतो. पावसाळ्यात लग्नं नसतात, पण पोट असतं. तेव्हा मालक वाजवणाऱ्यांना पुढच्या सीझनचे पैसे आगाऊ देतो. ती उचल. ती फिटेपर्यंत माणूस दुसऱ्या बँडात वाजवत नाही आणि दुसरं कामही धरत नाही. कागद वगैरे नसतो. पण उचल घेऊन गेला असं एकदा कुणाबद्दल झालं, की जिल्ह्यात त्याच्या हातात कुणी झांजसुद्धा देत नाही. मास्तरांकडे अकरा माणसं होती आणि अकराही जणांनी उचल घेतली होती. क्लॅरोनेटवाल्या सॅमसनने मोटारसायकलसाठी, ढोलवाल्या कानिफनाथने धाकट्या भावाच्या लग्नासाठी. त्या लग्नात न्यू जेरीकोच वाजला. त्यामुळे उचलीतले निम्मे पैसे त्याच संध्याकाळी मास्तरांकडे परत आले, उचल मात्र पूर्ण राहिली. यात काहीतरी चुकतंय असं कानिफनाथला अधूनमधून वाटायचं, पण नेमकं काय ते सापडायचं नाही.

उचलीसाठी मास्तरांनी राहतं घर पतसंस्थेत तारण ठेवलं होतं. आणि टाळेबंदीच्या आधीच्या हिवाळ्यात, स्टीफनने दारात नवा रथ उभा केला म्हणून, त्यांनी फायनान्स कंपनीच्या कर्जावर त्याच्याहून मोठा रथ करून घेतला. एका छोट्या हत्तीवर, म्हणजे लहान टेम्पोवर, बांधलेला. पुढच्या अंगाला फायबरचे दोन पांढरे घोडे, मधे नवरदेवाची खुर्ची, मागे स्पीकर, वर झुंबरं आणि ड्रायव्हरच्या केबिनवर मोर. मोराचा पिसारा मोटरवर उघडायचा. कारागिराने कुठली तरी वायर भलतीकडे जोडल्यामुळे पिसाऱ्याचं वेगळं बटण चालायचंच नाही. गाडीला चावी लावली की पिसारा उघडायचा, चावी काढली की मिटायचा. सीझन संपल्यावर दुरुस्त करू, असं ठरलं. रथ फेब्रुवारीच्या शेवटी घरी आला. मार्चमध्ये सगळं बंद झालं.

सुरुवातीला मास्तर रोज संध्याकाळी घरात रियाज करायचे. मग समोरच्या विजयमालाबाई तोंडाला पदर आणि पदरावर मास्क लावून फाटकाशी आल्या.

“मास्तर, राग नका मानू. पण तुमची फुंकर कुठपर्यंत येते?”

“आवाज येतो, बाई. फुंकर येत नाही.”

“आवाज येतो म्हणजे त्याच्याबरोबर हवा येतच असेल की.”

एस्तेर अंगणवाडी सेविका होती. समजावून सांगण्यापेक्षा दाखवणं बरं, हे ती रोजच्या अनुभवावरून शिकली होती. तिने मेणबत्ती पेटवून ट्रम्पेटच्या तोंडापासून दोन हातांवर धरली आणि मास्तरांना जोरात वाजवायला सांगितलं. ज्योत जागची हलली नाही. विजयमालाबाईंनी ती नीट पाहिली.

“ज्योतीला कुठं कोरोना होतो, एस्तेरबाई,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी ट्रम्पेट पेटीत गेला.

कर्जाचे हप्ते काही महिने पुढे ढकलायची सवलत मिळाली. मास्तरांना ते हप्ते माफ झाल्यासारखंच वाटलं. “पुढे ढकललेत, व्याज चालूच आहे,” एस्तेर म्हणाली. मास्तर म्हणाले, “तोवर सीझन येईल.” सीझन आला, पण पन्नास माणसांचा. पन्नासात वाजवणारे धरायचे की नाहीत, हे कुणी नक्की सांगेना. अकरा बँडवाले बोलवायचे म्हणजे अकरा पाहुणे गाळायचे. आणि मराठी माणूस लग्नात एकवेळ नवरदेव गाळेल, आत्या गाळणार नाही. लोकांनी मोबाईलवर सनई लावून लग्नं उरकली.

दिवाळीनंतर पतसंस्थेचे मॅनेजर स्वतः घरी येऊन गेले. चांगला माणूस होता, बाहेरच्या पायरीवरच बसला. जानेवारीअखेर काही भरणा झाला नाही तर घराची कारवाई थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. ते गेल्यावर एस्तेरने मास्तरांना हिशेब एकदाच आणि सरळ सांगितला. तिच्या मानधनातून आणि मास्तरांना मिळेल त्या कामातून एक कर्ज ओढता येईल, दोन नाही. रथ परत दिला तर फायनान्सवाले प्रकरण मिटवायला तयार आहेत. रथ द्यावा, घर ठेवावं.

“रथाशिवाय सुपारी कोण देईल?” मास्तरांनी विचारलं. सुपारी म्हणजे बँडचं बुकिंग. शकुनाचे पैसे हातावर पडले की ती पक्की.

“कुणी नाही.”

“मग बँड राहिला कुठं? आणि बँड नाही तर त्या अकरा जणांना मी कुठल्या तोंडाने बांधून ठेवू?”

“तेच म्हणतेय. सोडा त्यांना. सॅमसनला डेअरीत मशीनवर काम मिळतंय, एक फेब्रुवारीपासून. तुम्ही मोकळं केल्याशिवाय तो हो म्हणत नाही.”

मास्तर म्हणाले, “बघू.”

त्यानंतर रोज सकाळी एस्तेर चहा ठेवताना “काय ठरलं?” एवढंच विचारायची आणि मास्तर “बघू” म्हणायचे. सॅमसन दर रविवारी चर्चहून येताना फाटकाशी थांबायचा आणि थंडीबद्दल बोलून जायचा.

रथ तेव्हा घरी नव्हता. सवलतीची मुदत संपल्याबरोबर मास्तरांनी तो चर्चच्या आवारात ताडपत्रीखाली नेऊन ठेवला होता. पाळकसाहेबांनी जागा दिली, पण अट घालून. “खाली काय आहे ते मला सांगू नका. कुणी विचारलं तर मी खरं सांगणार.”

ऑक्टोबरात फायनान्स कंपनीचा वसुलीवाला पहिल्यांदा आला. हे लोक दांडगे असतात असं ऐकून मास्तर आधीच माळ्यावर जाऊन बसले होते. दारात आला तो बारीक, चष्मा लावलेला तरुण होता, नाव कल्याण. एस्तेर घरोघरच्या तपासणीला निघाली होती; तापाची गन आणि बोटाला लावायचं यंत्र तिच्या हातातच होतं.

“कपाळ पुढं करा. आता बोट द्या.”

“ताई, मी वसुलीला आलोय.”

“वसुलीवाल्यांना बोट असतं ना? द्या. घरात किती माणसं?”

“चार.”

“साठच्या वर कुणी?”

“आई. तिला शुगर आहे.”

“तिला जपा. काम काय करता?”

“हेच.”

“आधी?”

कल्याणने चष्मा पुसला. “लग्नाचे व्हिडिओ करायचो. ड्रोन होता माझा.”

“होता म्हणजे?”

“हप्त्यावर घेतला होता. याच कंपनीने नेला. न्यायला आले त्या साहेबांना मी विचारलं, तुमच्याकडे काही काम आहे का. ते म्हणाले, आहे.”

माळ्यावर कुणीतरी खोकलं. कल्याण दोन पावलं मागे सरला. “वर कोण आहे?”

एस्तेरला खोटं बोलता यायचं नाही. “आमचे हे.”

“ताप?”

“नाही. हप्ता.”

कल्याणने मान वर केली. “मास्तर, मी ओळखतो तुम्हाला. तुमच्या वराती शूट केल्यात मी.”

थोड्या वेळाने माळ्यावरून आवाज आला. “कुठल्या?”

“राहुरीची होती एक. घोडी बिथरली होती ती.”

“आमच्या सॅक्सोफोनने बिथरली. त्या पोराचे पैसे कापले होते मी.”

“सॅक्सोफोनने नाही, मास्तर. माझा ड्रोन खाली आला होता.”

“पैसे परत द्यावे लागतील त्याला,” मास्तर स्वतःशीच म्हणाले.

“मास्तर, रथ कुठंय?” कल्याणने विचारलं. माळ्यावरून नुसता खोकला आला. कल्याण पाणी प्यायला आणि गेला.

चर्चमधला मुक्काम नोव्हेंबरात संपला. नाताळच्या सजावटीची कमिटी आवारात फिरत असताना त्यांनी ताडपत्री उचलून पाहिली. घोडे गोठ्याच्या देखाव्यात चालतील, मोर काढावा लागेल, असं त्यांचं मत पडलं. आता पाळकसाहेबांना माहीत झालं होतं, म्हणजे विचारणाऱ्या कुणालाही माहीत होणार होतं. मास्तरांनी मग स्टीफनकडे निरोप पाठवला. रथ लपवायला दुसऱ्या रथांच्या रांगेसारखी जागा नाही. स्टीफन हो म्हणाला, फक्त रथावरचा ‘न्यू’ खरवडून टाकायचा म्हणाला. मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि कानिफनाथला फोन लावला.

कानिफनाथचं गाव शेवगावच्या पुढं. तो बसने आला आणि पहाटे रथ घेऊन निघाला. चावी लावल्याबरोबर पिसारा उघडला आणि गावापर्यंत उघडाच राहिला. वाटेत चहाच्या टपऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. नेवासा फाट्यावर पोलिसाने हात केला.

“वरात कुठंय?”

“फुडं गेली.”

“माणसं किती?”

“पन्नासच हायती, साहेब. मोजून घेतल्यात.”

पोलिसाने मोराकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.

गावात रथ घरामागच्या मोकळ्या जागेत लावून कानिफनाथने त्याच्याभोवती ज्वारीचा कडबा उभा केला, वर पेंढ्या रचल्या. लांबून पाहणाऱ्याला ती कडब्याची गंजीच वाटली. कल्पना चांगली होती. फक्त गंजी खाण्यासाठी असते, हे शहरातल्या मास्तरांच्या लक्षात आलं नाही आणि खेड्यातल्या कानिफनाथने त्याचा एवढा विचार केला नाही. आठवड्याभरात त्याचे फोन सुरू झाले.

“मास्तर, घोडं उघडं पडलं.”

“कोणतं?”

“डाव्या अंगाचं. म्हशीनं खाल्लं.”

“घोडं?”

“कडबा, मास्तर. घोडं कशाला खाईल.”

“मग दुसरा लाव.”

“लावतो. पर लावला की पुन्ना खात्यात. शेजारच्यांच्या शेळ्या बी येत्यात आता, फुकटचं म्हनून.”

पुढच्या फोनला मोराची मान बाहेर आली होती. त्याच्या पुढच्या फोनला कानिफनाथचा आवाज जरा खाली गेला होता.

“मास्तर, एक सांगायचं हुतं. बाया हळदकुंकू वाहाया लागल्यात.”

“कशाला?”

“मोराला. आमच्या आईनं सुरवात केली. तिनं केलं म्हनून बाकीच्यांनी केलं. काल एक बाई तर नवस बोलून गेली.”

“कसला नवस?”

“हप्त्याचाच. बचत गटाचा थकलाय तिचा.”

मास्तर अस्वस्थ झाले. “कानिफ, अरे, मी ख्रिस्ती माणूस आहे.”

“तुमी हाव, मास्तर. मोर न्हाई.”

एस्तेर हे ऐकत होती. तिने फोनकडे हात केला. “कानिफ, त्या बाईचा नवस पावला तर कळव हो. आम्हीही बोलू.”

“बरं, काकू,” कानिफनाथ गंभीरपणे म्हणाला.

जानेवारीत पौष लागला. बँडवाला कुठल्याही धर्माचा असला तरी पंचांग त्याच्या बोटांवर असतं. वर्षाचे सगळे मुहूर्त मास्तर भटजींच्या आधी सांगायचे. पौषात लग्नं नसतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. महिन्याचा शेवटचा आठवडा आला, तशा त्या रविवारी एस्तेर चहा ठेवून “काय ठरलं?” म्हणाली, आणि मास्तर “बघू” म्हणायच्या आत त्यांचा फोन वाजला. सॅमसन फाटकाशी उभा राहून थंडीबद्दल बोलायच्या तयारीत होता.

“न्यू जेरीको बँड का? सुपारी द्यायची होती.”

मास्तर उठून उभे राहिले. असा फोन या घरात दहा महिन्यांत आला नव्हता. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. सगळ्यांनी ऐकावं असं त्यांना वाटलं असावं.

“बोला. तारीख कोणती?”

“येत्या गुरुवारी. दुपारी चारला. नेवासा रोडला नवीन लॉन्स झालंय तिथं.”

“नवरदेवाचं नाव?”

पलीकडे किंचित वेळ गेला. “पार्थ.”

“माणसं अकरा येतील.”

“या. पण रथ पाहिजे. मोरवाला. रथ नसेल तर आम्ही दुसरीकडे बघतो.”

“रथ येईल,” मास्तर म्हणाले.

फोन ठेवल्यावर एस्तेरने गॅस बारीक केला.

“पौषात लग्न?”

“ख्रिस्ती असतील. आपल्यात कुठं पौष बघतात.”

“पार्थ?”

“हल्ली नावं काहीही ठेवतात.”

“ख्रिस्ती माणसं. गुरुवारी दुपारी. लॉन्सवर. मोराच्या रथातून.”

“श्रीमंत असतील.”

सॅमसन फाटक उघडून आत आला. “मास्तर, आवाज ओळखीचा वाटला. कुठल्यातरी वरातीत ऐकलाय.”

“सुपारी देणाऱ्याचा आवाज ओळखीचाच वाटतो.”

फोन पुन्हा किणकिणला. शकुनाचे पैसे आले होते. पाठवणाऱ्याचं नाव पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. एस्तेरने ते वाचलं, सॅमसनने वाचलं, आणि शेवटी मास्तरांनी चष्मा लावून वाचलं.

“कल्याण,” सॅमसन म्हणाला.

“नवरदेवाचे मामा असतील,” मास्तर म्हणाले, आणि ट्रम्पेटची पेटी काढायला आत गेले.

एस्तेर त्यांच्या मागे गेली नाही. आतून तेलाच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग ट्रम्पेटच्या कळा दाबून पाहिल्याचा. तिने उकळलेला चहा गाळून तीन कपांत ओतला.

“काकू, मास्तरांना कळलं नसेल का?” सॅमसनने हळूच विचारलं.

“कळलंय.”

“मग जातायत कशाला?”

“जाऊ देत. तूही ये. आणि बाकीच्यांना सांग.”

गुरुवारी अकराही जण आले. एकाने तीन महिने भाजी विकली होती, दोघं बांधकामावर जात होते, एक जण स्मशानात मयतांची लाकडं वाहत होता. उचल असल्यामुळे यातलं काहीही काम म्हणून धरलं नव्हतं, नुसतं केलं होतं. लाल कोट ट्रंकेतून निघाले होते. निम्म्या जणांना ते सैल झाले होते आणि निम्म्यांना त्यांची बटणं लागत नव्हती. सॅमसनने आणि झांजवाल्याने बसमध्ये कोट बदलून पाहिले, तरी बसले नाहीत. एस्तेर खिडकीशी बसली होती. तिने रजा टाकली होती.

लॉन्सच्या दारात कानिफनाथ रथ घेऊन थांबला होता. पिसारा पूर्ण उघडा होता आणि त्यात कडब्याची पानं अडकलेली. घोड्यांच्या कपाळावर हळदकुंकवाचे थर होते. मोराच्या गळ्यात झेंडूची माळ होती.

“माळ कशाला रे?”

“आईनं घातली. शेवटची म्हनून.” कानिफनाथ म्हणाला. “तिला कुनी काय सांगितलं न्हवतं, मास्तर. तिचं तिलाच वाटलं.”

आत हिरवळ मोठी होती आणि रिकामी होती. कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, तिच्याजवळ वॉचमन, एक लोखंडी हूक लावलेली टोइंगची गाडी, तिचा ड्रायव्हर, आणि कल्याण. कल्याणने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो पुढे आला आणि मास्तरांच्या पायांकडे वाकल्यासारखं करून सरळ झाला.

“तुम्ही याल असं वाटलं नव्हतं, मास्तर. माझंच नाव आलं असेल ना फोनवर?”

“आलं.”

“मला नंतर लक्षात आलं. साहेब ओरडले. म्हणाले, असा कुठं सापळा लावतात का.”

“सापळा चांगला होता,” मास्तर म्हणाले. “सुपारीला बँडवाला नाही म्हणत नाही, हे बाहेरच्या माणसाला सुचलं नसतं.”

कल्याणने हात पुढे केला. “चावी देता का?”

“वरात झाल्यावर.”

“मास्तर, लग्न नाहीये.”

“सुपारी आहे. शकुनाचे पैसे घेतलेत मी. वाजवल्याशिवाय ते फिटत नाहीत. तू या धंद्यातला आहेस, तुला मी काय सांगू.”

“पण नवरदेव कुठंय?”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. बाकीच्या अकरा जणांनीही पाहिलं.

“नाही, मास्तर,” कल्याण म्हणाला. “माझं लग्न झालंय. मुलगी आहे मला.”

“सुपारी तू दिलीस. बस.”

“साहेबांनी फोटो मागितलेत गाडीचे.”

“वर बसून काढ. चांगले येतील.”

कानिफनाथने त्याला काखेत हात घालून रथावर चढवलं. नवरदेवाची खुर्ची कुणी कधी वापरली नव्हती. तिच्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. कल्याण दोन्ही गुडघे जोडून तिच्यावर बसला. मास्तरांनी हात वर केला आणि न्यू जेरीको वाजायला लागला.

सुरुवात वाईट झाली. सॅमसनची क्लॅरोनेट वाळली होती, ती पहिल्या ओळीतच चिरकली. दोन सॅक्सोफोन दोन वेगळी गाणी वाजवत होते आणि आपलंच बरोबर आहे अशी दोघांचीही खात्री होती. मास्तरांचा श्वास अंतऱ्यापर्यंत पुरत नव्हता. पण कानिफनाथचा ढोल चुकत नव्हता, आणि हळूहळू सगळे त्याच्या मागे येऊन उभे राहिले. झांजवाल्याने स्टिअरिंग धरलं आणि रथ हिरवळीवरून कडेकडेने निघाला. दुसऱ्या फेरीला वॉचमन नाचायला लागला. तिसऱ्या फेरीला टोइंगवाला त्याच्यासमोर रुमाल धरून आला. आवाज ऐकून रस्त्यावरचे लोक कुंपणाशी जमले. एका बाईने नवरदेव बारीक आहे पण चेहऱ्याने चांगला आहे, असं बाजूच्या बाईला सांगितलं.

कल्याणने साहेबांसाठी मोबाईल काढला होता. आधी त्याने घोड्यांचे फोटो काढले, मोराचा काढला, नंबरप्लेटचा वाकून काढला. मग त्याचा हात आपोआप स्थिर झाला. तो खुर्चीवर उभा राहिला, मोबाईल आडवा धरला आणि हाताने खुणा करायला लागला.

“मास्तर, जरा डावीकडे या. ऊन तोंडावर घ्या. ढोलवाले, वर बघा. ताई, तुम्हीपण या ना फ्रेममध्ये.”

एस्तेर मास्तरांच्या शेजारी येऊन उभी राहिली. “अहो, दम लागतोय तुम्हाला,” ती म्हणाली.

मास्तरांनी ट्रम्पेट काढला नाही. डोळ्यांनी फक्त हो म्हणाले आणि शेवटचं कडवं पूर्ण केलं.

वाजवणं थांबलं तेव्हा कुंपणाबाहेरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कल्याण रथावरून उतरला. त्याने नाक पुसलं आणि पडद्यावर काहीतरी तपासत राहिला. चावी मागायची त्याला आठवण राहिली नव्हती, किंवा मागवत नव्हती. टोइंगवाला हूक हातात घेऊन लांबच उभा राहिला.

कानिफनाथने ढोल गळ्यातून काढला नव्हता. काठीने कोटावरचं कडब्याचं पान उडवून तो म्हणाला, “मास्तर, हात आत्ता कुठं मोकळा झालाय. फुडचं काय घ्यायचं?”

मास्तरांनी माउथपीस काढून त्यातलं पाणी झटकलं आणि तो खिशात टाकला. मग रथाची चावी काढली, तसा पिसारा मिटला. कल्याणजवळ जाऊन ती त्याच्या तळहातावर ठेवली, आणि अकराही जणांकडे वळून, वराती संपल्यावर हिशेबाला उभे राहायचे तसे उभे राहिले.

“पुढचं काही नाही,” ते म्हणाले. “बँड मी बंद केला. रथ चाललाय, घर ठेवतोय. तुमच्या कुणाकडे माझी उचल नाही, सगळ्यांची फिटली. सॅमसन, सोमवारी डेअरीत जा.”